गालिचे विकायला उभे राहिलेले डॉक्टर अन् मधल्या रकान्यातला रिपोर्ट

स्मृतिदिन विशेष

१९ फेब्रुवारी म्हटलं की आपल्याकडे शिवजयंती. गावोगावी भगवे झेंडे, पोवाडे, मिरवणूक. याच तारखेला १९६२ साली अमेरिकेतल्या मायामी शहरात ७८ वर्षांचे एक डॉक्टर हार्ट अटॅकने गेले. त्यांचं नाव जॉर्ज पॅपानिकोलाऊ. नाव उच्चारताना जीभ वळत नाही, म्हणून त्यांच्यासोबत काम करणारेही त्यांना नुसतं डॉ. पॅप म्हणायचे. सरकारी दवाखान्यात किंवा तालुक्याच्या लेडी डॉक्टरकडे बायकांची ‘पॅप’ तपासणी करतात, ती याच माणसाच्या नावाची.

गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होण्याआधीच त्याची चाहूल लागू शकते, हे डॉ. पॅप यांनी दाखवून दिलं. जगातल्या लाखो बाया त्यामुळे वाचल्या. पण त्यांच्या तपासणीत एक जागा कच्ची राहिली होती. ती भरून निघायला त्यांच्या मरणानंतर तीसेक वर्षं लागली. त्यातला एक मोठा पुरावा तर आपल्या मराठवाड्यातल्या गावांतून जगापुढे गेला.

जॉर्ज यांचा जन्म १३ मे १८८३ चा. गाव किमी. ग्रीस देशातल्या एव्हिया बेटावरचं हे बंदराचं गाव. वडील निकोलस हे गावचे डॉक्टर, शिवाय राजकारणातलं वजनदार नाव. पोराने डॉक्टर व्हावं आणि गावातच दवाखाना चालवावा, ही त्यांची साधी अपेक्षा. पोरगा डॉक्टर झाला. १९०४ मध्ये अथेन्स विद्यापीठातून पदवी घेतली, सैन्यात नोकरी केली, गावी येऊन महारोग्यांवर उपचारही केले. पण दवाखान्यात मन रमेना. डोक्यात संशोधनाचं खूळ. बापाची नाराजी पत्करून ते जर्मनीला गेले. तिथे मोठमोठ्या जीवशास्त्रज्ञांच्या हाताखाली शिकले आणि १९१० मध्ये म्युनिकहून पीएचडी घेऊन परत आले.

त्याच वर्षी त्यांचं लग्न झालं. बायको अँड्रोमाकी, घरातलं नाव मेरी. लष्करी अधिकाऱ्याची मुलगी, फ्रेंच येणारी, पियानो वाजवणारी. या बाईचं नाव पुढे अनेकदा येणार आहे. खरं तर डॉ. पॅप यांच्यावर लिहिताना अर्धा लेख तिच्यावरच लिहायला हवा.

थोडे दिवस मोनॅको इथल्या समुद्र संशोधन संस्थेत काम झालं. मग १९१२ ला बाल्कन युद्ध पेटलं आणि जॉर्ज यांना लष्करी डॉक्टर म्हणून जावं लागलं. युद्धात अमेरिकेहून परत आलेले ग्रीक तरुण भेटले. तिकडे काम करणाऱ्याला वाव आहे, असं त्यांच्या तोंडून ऐकलं. ऑक्टोबर १९१३ मध्ये नवरा-बायको न्यूयॉर्कच्या बंदरावर उतरले. खिशात अडीचशे डॉलरच्या आसपास. तेवढे दाखवल्याशिवाय आत सोडत नसत. इंग्रजी दोघांनाही येत नव्हतं. ओळखीचं कोणी नाही.

पुढचं वर्ष कसं गेलं असेल, हे पुण्या-मुंबईला कामासाठी गेलेल्या आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. मेरीला एका मोठ्या दुकानात बटणं शिवायचं काम मिळालं, पगार आठवड्याला पाच डॉलर. त्याच दुकानात जॉर्ज गालिचे विकायला उभे राहिले. दोन पदव्या घेतलेला माणूस! सांगतात की पहिल्याच दिवशी जहाजातल्या ओळखीच्या एक बाई गिऱ्हाईक म्हणून समोर आल्या. त्या शरमेने ते परत कामावर गेलेच नाहीत. मग हॉटेलात व्हायोलिन वाजवलं, ग्रीक वर्तमानपत्रात कारकुनी केली.

नशीब असं की थॉमस हंट मॉर्गन या नामांकित शास्त्रज्ञाने त्यांचं पीएचडीचं काम वाचलेलं होतं. त्यांच्या शब्दावर न्यूयॉर्कच्या दवाखान्यात किरकोळ जागा मिळाली. १९१४ मध्ये कॉर्नेल मेडिकल कॉलेजच्या प्रयोगशाळेत प्रवेश झाला. तिथे ते जवळजवळ अर्धं शतक राहिले. मेरीसुद्धा प्रयोगशाळेत आली. काचा धुणं, नमुने लावणं, नोंदी ठेवणं, सगळं तीच बघायची, तेही बिनपगारी.

प्रयोगशाळेत काम होतं गिनीपिगवर. जॉर्ज यांना मादीचं बीज नेमक्या वेळी हवं असायचं, पण ती वेळ बाहेरून ओळखता येत नसे. अंदाजाने जनावर कापायचं आणि बीज नसलं की ते वाया. गायी-म्हशी माजावर आलेल्या आपल्याला लगेच कळतात, ओरडतात, चिकट स्राव गाळतात. गिनीपिगचं तसं काही दिसत नाही. जॉर्ज यांच्या मनात आलं की एवढ्याशा जनावरातसुद्धा काहीतरी बदल होतच असणार, आपण बघत नाही एवढंच. त्यांनी नाक तपासायचं छोटं यंत्र आणलं आणि त्याने रोज मादीच्या अंगातला थेंबभर स्राव घेऊन काचपट्टीवर पसरला. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची रूपं दिवसागणिक बदलताना दिसली. पंधरा-सोळा दिवसांचं पक्कं चक्र. १९१७ मध्ये हे छापून आलं आणि जनावर न कापता त्याच्या आतलं कळायला लागलं.

मग प्रश्न आला माणसाचा. बायकांमध्ये असंच दिसतं का? तपासायला कोणाला बोलवायचं? मेरी तयार झाली. जवळजवळ दोन दशकं ती नवऱ्याच्या प्रयोगासाठी स्वतःचा नमुना देत राहिली. पोरंबाळं झाली नाहीत. सुट्ट्या नाहीत, आठवड्यातले साडेसहा दिवस काम. आज ज्या तपासणीला बाया लाजतात, ती आधी एका बाईने वर्षानुवर्षं स्वतःवर करून घेतली आहे.

१९२५ च्या सुमारास दवाखान्यातल्या बायकांचे नमुने बघायला सुरुवात झाली. कॅन्सर शोधायचा इरादा अजिबात नव्हता. पण एका काचेवर वेगळ्याच पेशी दिसल्या. केंद्र फुगलेलं, काळंभोर, आकार वेडावाकडा. त्या बाईला गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होता. जॉर्ज आयुष्यभर तो दिवस विसरले नाहीत. जानेवारी १९२८ मध्ये मिशिगन राज्यातल्या बॅटल क्रीक इथल्या परिषदेत त्यांनी हे मांडलं. कोणी फारसं मनावर घेतलं नाही. तुकडा काढून तपासायची सोय असताना सुट्या पेशी कशाला बघायच्या, असा डॉक्टरांचा सूर. साधारण त्याच काळात रुमानियात ऑरेल बाबेश नावाच्या डॉक्टरांनीही स्वतंत्रपणे असंच काम मांडलं होतं, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. पुढे मोठं नाव पॅप यांचंच झालं, बाबेश मागे पडले.

जॉर्ज भांडले नाहीत. दहा-अकरा वर्षं कॅन्सरचा विषय बाजूला ठेवून गप्प दुसरं काम केलं. १९३९ मध्ये विभागाला नवे प्रमुख आले आणि त्यांनी हा विषय परत हातात घ्यायला सांगितलं. सोबतीला हर्बर्ट ट्राउट हे स्त्रीरोगतज्ज्ञ मिळाले. न्यूयॉर्क हॉस्पिटलच्या स्त्रीरोग विभागात येणाऱ्या प्रत्येक बाईचा नमुना घ्यायचा, असं ठरलं. काहीही त्रास नसलेल्या बायांच्या काचांवरही सुरुवातीच्या खुणा दिसायला लागल्या. १९४१ मध्ये लेख आला, १९४३ मध्ये पुस्तक. त्यातली पेशींची रंगीत चित्रं हाशिमे मुरायामा या जपानी चित्रकाराने काढली. ती इतकी बारीक होती की त्यावरून लोक शिकले. १९४७ मध्ये कॅनडाच्या डॉ. एअर यांनी नमुना थेट पिशवीच्या तोंडावरून घ्यायची लाकडी पट्टी काढली आणि काम आणखी सोपं झालं. पुढच्या काही दशकांत जिथे जिथे ही तपासणी नियमाने झाली, तिथे या कॅन्सरचे मृत्यू निम्म्याहून खाली आले.

मधला रकाना

पॅप यांनी रिपोर्टसाठी पाच वर्ग केले होते. पहिला वर्ग म्हणजे सगळं ठीक. पाचवा म्हणजे कॅन्सर नक्की. चौथा, जवळजवळ नक्की. या तिन्हीत डॉक्टरला काय करायचं ते कळतं. घोळ मधल्या दोन वर्गांचा. दुसऱ्यात पेशी थोड्या वेगळ्या, पण कॅन्सरची खूण नाही. तिसऱ्यात संशय आहे, पण खात्री नाही.

अशा बाईने काय करायचं? पेशी कशामुळे बिघडतात, हेच तेव्हा माहीत नव्हतं. जंतुसंसर्गाने सूज आली तरी पेशी थोड्या बदलतात, पाळी गेल्यावरही बदलतात. शेतकऱ्याला हे पटकन कळेल. सोयाबीनचं पान पिवळं पडलं की नुसतं बघून सांगता येत नाही, लोह कमी पडलंय, पाणी साचलंय का येलो मोझॅक व्हायरस आलाय. रंग एकच, कारणं तीन, आणि तिन्हीचा इलाज वेगळा. पॅप यांची काच पानाचा रंग अचूक दाखवत होती. कारण दाखवत नव्हती.

म्हणून मधल्या रकान्यातल्या बायांना परत परत बोलावत राहायचं, एवढाच मार्ग होता. सहा महिन्यांनी परत काच, परत वाट बघणं. काहींना उगाच धास्ती, काहींवर नको ते ऑपरेशन, आणि काही बाया परत आल्याच नाहीत. त्यातल्याच एखादीला खरा धोका असायचा.

पॅप यांना हे कोडं सुटलेलं बघता आलं नाही. नोव्हेंबर १९६१ मध्ये, ज्या वयात लोक नातवंडं खेळवतात त्या वयात, ते नवी संशोधन संस्था सांभाळायला मायामीला गेले. तीन महिन्यांच्या आत मृत्यू आला. नोबेलसाठी नाव गेलं होतं, मिळालं नाही. ग्रीस देशाने मात्र पुढे त्यांचा फोटो दहा हजारांच्या नोटेवर छापला. मेरी त्यांच्यामागे वीस वर्षं जगली, १९८२ मध्ये गेली.

तिच्या मागोमाग, १९८३ मध्ये, जर्मनीतल्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या गटाने या कॅन्सरच्या गाठीत एक व्हायरस सापडल्याचं जाहीर केलं. एचपीव्ही, प्रकार १६. पुढच्या वर्षी प्रकार १८. जगातल्या या कॅन्सरपैकी साधारण सत्तर टक्के या दोन प्रकारांमुळे होतात. २००८ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं.

हा व्हायरस शरीरसंबंधातून पसरतो आणि इतका सर्रास आहे की बहुतेक माणसांना आयुष्यात कधी ना कधी होऊन जातो. पुरुषांनाही. बहुतेकांच्या अंगातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. काही जणींच्या अंगात तो ठाण मांडून बसतो, आणि मग दहा-पंधरा वर्षांत कॅन्सरची वाट तयार होते. इथे एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी, कारण घरं मोडतात. व्हायरस पॉझिटिव्ह आला म्हणजे बाई वाईट चालीची, असं मुळीच नाही. तो नवऱ्याकडून आलेला असू शकतो, लग्नानंतर लगेच आलेला असू शकतो, वीस वर्षं जुनाही असू शकतो. रिपोर्टवरून तारीख कळत नाही आणि चारित्र्य तर नाहीच नाही.

कारण कळलं तसा मधल्या रकान्याचा प्रश्न नव्याने विचारता आला. पॅप यांचे पाच वर्ग जाऊन १९८८ पासून नवी नावं आली होती. किंचित शंका असेल तर ‘एएससी-यूएस’, सौम्य बदल नक्की दिसत असेल तर ‘एलएसआयएल’. आजही रिपोर्टवर हीच अक्षरं असतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेने १९९६ पासून असे रिपोर्ट आलेल्या ५,०६० बाया घेतल्या आणि तीन वाटा तपासल्या. एका गटाची लगेच कोल्पोस्कोपी, म्हणजे भिंगाच्या यंत्रातून पिशवीचं तोंड बघणं. दुसऱ्या गटाची आधी व्हायरस तपासणी. तिसऱ्या गटाची नुसती परत परत काच.

किंचित शंकेच्या रिपोर्टमध्ये व्हायरस तपासणी सरस ठरली. साधारण निम्म्या जणींत धोक्याचा व्हायरस नव्हताच, त्यांना पुढच्या यंत्रतपासणीची गरज उरली नाही. आणि ज्यांच्यात खरोखर कॅन्सरच्या आधीचा गंभीर बदल होता, त्या जवळजवळ सगळ्या व्हायरस पॉझिटिव्ह गटातच सापडल्या. एलएसआयएल रिपोर्टचं मात्र उलटं झालं. त्यातल्या ऐंशी टक्क्यांहून जास्त बाया पॉझिटिव्ह निघाल्या. सगळ्याच पॉझिटिव्ह येणार असतील तर निवडायचं काय? म्हणून त्यांच्यासाठी तो भाग मध्येच बंद करण्यात आला. अशा बायांना साधारणपणे थेट कोल्पोस्कोपीला पाठवतात. पाळी गेलेल्या बायांमध्ये पॉझिटिव्हचं प्रमाण कमी असतं, तिथे या तपासणीचा उपयोग होतो. पंचविशीच्या आतल्या मुलींमध्ये व्हायरस इतका येतो-जातो की तो शोधण्यापेक्षा थोडं थांबून परत काच घेणं बरं पडतं.

बाईच्या हातात रिपोर्ट पडतो तेव्हा याचा अर्थ असा. ‘किंचित शंका’ आली आणि व्हायरस निगेटिव्ह असेल, तर जवळच्या काळात कॅन्सरचा धोका फार कमी, पुढची तपासणी साधारण तीन वर्षांनी. व्हायरस पॉझिटिव्ह असेल तर कोल्पोस्कोपी, गरज वाटली तर कणभर तुकडा. बदल गंभीर निघालाच तर तेवढाच भाग गोठवून किंवा काढून उपचार होतो. यात गर्भपिशवी काढणं ही पहिली पायरी कुठेच नाही. मराठवाड्यात हे जास्त जोर देऊन सांगावं लागतं. ऊसतोड बायांच्या पिशव्या काढल्याचा विषय २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत गेला होता, आणि त्यात कॅन्सरची भीती घातल्याच्या कहाण्याही होत्या.

व्हायरस तपासणीला रक्त लागत नाही. पॅप तपासणीसारखाच ब्रश, तीच जागा, दोन मिनिटांचं काम. नमुना द्रवाच्या बाटलीत घेतला असेल तर त्याच बाटलीतून व्हायरस बघता येतो, परत हेलपाटा नाही.

बार्शीची काच

१९९९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात एक मोठं काम सुरू झालं. बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधली जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संस्था यांनी मिळून ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,७४६ बाया त्यात घेतल्या. गावांचे ५२ समूह आणि चार गट. एका गटाला व्हायरस तपासणी, दुसऱ्याला पॅप यांची काच, तिसऱ्याला व्हिनेगरसारखं पातळ ॲसिटिक ॲसिड लावून डोळ्यांनी बघणं, चौथ्याला माहिती आणि नेहमीची दवाखान्याची सोय. आयुष्यात एकदाच तपासणी, आणि मग आठ वर्षं नोंद.

ज्या बायांनी कधी पुरुष डॉक्टरपुढे तोंड उघडलं नव्हतं, त्यांतल्या बहुसंख्य बाया तपासणीला आल्या. व्हायरस तपासणीच्या गटात तर दहापैकी आठ जणी. ही गोष्ट आकड्यांपेक्षा कमी नाही.

निकाल २००९ मध्ये आला. चौथ्या गटात या कॅन्सरने ६४ बाया गेल्या. व्हायरस तपासणीच्या गटात ३४, म्हणजे जवळपास निम्म्या. पॅप यांच्या काचेच्या गटात ५४ आणि ॲसिडच्या गटात ५६. या दोन्ही गटांतला फरक खात्रीने सांगण्याइतका मोठा नव्हता. काच वाईट नाही, पण ती वाचायला तयार डोळा लागतो आणि परत परत तपासणी लागते. एकदाच संधी असेल तर व्हायरस तपासणी जास्त पकडते, हे धाराशिवच्या बायांनी जगाला दाखवलं. चौथ्या गटाला तपासणीशिवाय ठेवणं योग्य होतं का, यावर पुढे मोठा वाद झाला. तो वाद रास्त होता. त्या ६४ जणींमागे ६४ घरं आहेत.

जागतिक आरोग्य संघटना आता तिशीनंतर पहिली पसंती व्हायरस तपासणीलाच देते. आपल्या सरकारी कार्यक्रमात मात्र ३० ते ६५ वयाच्या बायांसाठी दर पाच वर्षांनी ॲसिटिक ॲसिडची तपासणी आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात ती फुकट होते, आशाताईंना विचारलं तर दिवस कळतो. संबंधानंतर रक्त जाणं, पाळी गेल्यावर परत अंगावर जाणं, वास येणारं पाणी जाणं, असं काही असेल तर तपासणीच्या दिवसाची वाट न बघता आधी डॉक्टरला दाखवावं. जुना रिपोर्ट असेल तर तो सोबत न्यावा, मधल्या रकान्यातला असला तरी. पुढचा डॉक्टर आधी तोच मागतो.